बफेलो निकेल: झीज कोणती आणि अपुरा ठसा कोणता

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या निधनानंतर त्यांच्या घरातील सामानाची विक्री झाली, तेव्हा त्यांना पत्र्याच्या डब्यात पाच सेंटची सुमारे ८० जुनी नाणी मिळाली. त्यांतील बहुतेक बफेलो निकेल, म्हणजे रेड्याचे चित्र असलेली, आहेत, काही त्याआधीची लिबर्टी आणि थोडी नंतरची जेफर्सन आहेत. पंधरा-सोळा नाण्यांवरचे साल पूर्ण पुसले गेले आहे. १९२६ सालचे डेन्व्हरच्या टाकसाळीचे एक नाणे नवेकोरे दिसते, पण त्यावरील रेड्याचे शिंग जेमतेम उमटलेले असल्याने एका विक्रेत्याने त्याला ‘फाइन’ हा खालचा दर्जा दिला. १९३७ च्या डेन्व्हरच्या एका नाण्यावर रेड्याचा पुढचा एक पाय दिसत नाही. ही नाणी चिंच-मीठ लावून उजळावीत असे त्यांच्या आईचे म्हणणे आहे आणि काही नाणी अलिबागला वडिलांच्या संग्रहासाठी पाठवण्याचा त्यांचा विचार आहे. गेली अनेक वर्षे मी हीच नाणी गोळा करीत आणि तपासत आलो असल्यामुळे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी साफसफाईचा प्रश्न, कारण इथे झालेली चूक नंतर सुधारता येत नाही. एकही नाणे घासू नका. घरातल्या तांब्याच्या भांड्यांना चिंच लावून लखलखीत करण्याची आपली पद्धत भांड्यांसाठी योग्यच आहे आणि या नाण्यांत ७५ टक्के तांबे व २५ टक्के निकेल असल्याने आईंचा सल्ला त्या दृष्टीने स्वाभाविक आहे. परंतु भांड्याचा पृष्ठभाग पुन्हा घासून काढता येतो, नाण्याचा पृष्ठभाग मात्र टाकसाळीत ठसा उमटताना एकदाच घडतो. धातू दाबाखाली मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणे दिव्याखाली कलते केले की चाकाच्या आऱ्यांसारखे फिरणारे प्रकाशाचे पट्टे दिसतात, ते या रेषांमुळेच. आम्लाने किंवा घासण्याने या रेषा गेल्या की मागे राहते ती निर्जीव चमक, आणि अनुभवी माणसाला ती हातभर अंतरावरून ओळखता येते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत राहिल्याने एखाद्या नाण्यावर हिरवट चिकट थर आला असेल, तर शुद्ध ॲसिटोनमध्ये ते नाणे काचेच्या वाटीत काही मिनिटे बुडवून ठेवावे आणि न पुसता वाळू द्यावे. ॲसिटोन धातूला धक्का लावत नाही, केवळ सेंद्रिय मळ विरघळवतो. मात्र ते अत्यंत ज्वलनशील असल्याने स्वयंपाकघरातील शेगडीजवळ हे काम करू नये, आणि नखांचे रंग काढण्याचे सुगंधी द्रावण त्याऐवजी वापरू नये.

आता बफेलो निकेलकडे वळू. शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर यांनी घडवलेले हे नाणे १९१३ ते १९३८ या काळात निघाले. छाप्याच्या बाजूला अमेरिकेतील मूलनिवासी पुरुषाचे मस्तक आहे आणि काट्याच्या बाजूला बायसन, ज्याला आपण सोयीसाठी रेडा म्हणत आहोत. वजन ५ ग्रॅम, व्यास सुमारे २१.२ मिलिमीटर. टाकसाळीची खूण काट्याच्या बाजूला, मूल्य लिहिलेल्या अक्षरांच्या खाली असते. ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, आणि खूण नसेल तर ते नाणे फिलाडेल्फियाचे.

कलाकृती म्हणून अमेरिकेच्या नाण्यांत याच्या तोडीचे फार थोडे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही रोज हाताळल्या जाणाऱ्या नाण्याच्या दृष्टीने त्याच्या रचनेत दोन दोष होते. पहिला दोष काही महिन्यांतच लक्षात आला. रेडा ज्या उंचवट्यावर उभा होता त्याच उंचवट्यावर मूल्याची अक्षरे कोरलेली असल्याने ती लवकर झिजू लागली, म्हणून १९१३ मध्येच उंचवटा कापून सपाट जमिनीची रेषा केली गेली आणि अक्षरे तिच्याखाली, थोड्या खोलगट जागी नेली गेली. म्हणूनच १९१३ ची नाणी दोन प्रकारांत मिळतात. दुसरा दोष मात्र शेवटपर्यंत राहिला. साल मस्तकाच्या खांद्यावर, उठावाच्या भागावर असल्यामुळे ते सर्वांत आधी झिजते. आपल्या डब्यातील पंधरा-सोळा नाणी सालाविना का आहेत, याचे कारण एवढेच.

सालाविना असलेल्या अशा नाण्यांवर फेरिक क्लोराइडचे द्रावण टाकून साल ‘परत आणण्याची’ पद्धत प्रचलित आहे आणि ती काम करते, हे खरे आहे. अंक जिथे दाबले गेले तिथला धातू आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या प्रमाणात घट्ट झालेला असतो. त्यामुळे आम्ल त्याला वेगळ्या वेगाने खाते आणि अंकांची सावली वर येते. पण त्या जागी खरखरीत, विटका डाग कायमचा राहतो, आणि दुर्मीळ साल निघाले तरी बाजारात ते नाणे आम्लाने खाल्लेले म्हणूनच मोजले जाते. संग्रहातील एखाद्या सालाचा रिकामा रकाना भरण्यापुरते कुतूहल असेल तर एखाद्या नाण्यावर करून पाहण्यास हरकत नाही. मात्र सालाचा एखादा अंक जरी भिंगाखाली पुसटसा दिसत असेल, तर त्या नाण्याला आम्लापासून दूर ठेवा.

दर्जा ठरवण्याची मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ती अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली आणि पुढे ती सर्वच नाण्यांना लागू झाली. ६० आणि त्यापुढील आकडे केवळ न वापरलेल्या नाण्यांसाठी राखलेले आहेत. त्याखालचे सारे आकडे झिजेच्या प्रमाणाप्रमाणे उतरत जातात. बफेलो निकेलच्या बाबतीत नजर प्रथम शिंगाकडे जाते. ‘गुड’ म्हणजे ४ या दर्जात साल आणि अक्षरे वाचता येतात, पण शिंग गेलेले असते. ‘व्हेरी गुड’ म्हणजे ८ मध्ये शिंग जवळजवळ सपाट असते. ‘फाइन’ म्हणजे १२ मध्ये शिंग आणि शेपूट गुळगुळीत होऊनही काही अंशी दिसतात आणि छाप्याची कड अखंड असते. ‘व्हेरी फाइन’ म्हणजे २० मध्ये शिंगाचा बराचसा भाग उरलेला असतो, पण गालाचे हाड झिजलेले असते. ‘एक्स्ट्रीमली फाइन’ म्हणजे ४० मध्ये शिंगाची झीज अगदी हलकी असते आणि केसांच्या फितीवर किंचित घासणीची खूण दिसते. ५० ते ५८ या टप्प्यात केवळ सर्वांत उंच भागांवर, म्हणजे गालाच्या हाडावर, वेणीच्या वरच्या केसांवर आणि रेड्याच्या मागच्या मांडीवर, झिजेचा नुसता स्पर्श उरतो.

आपल्या विक्रेत्याने हीच मोजपट्टी वापरली आणि शिंग जेमतेम दिसते म्हणून ‘फाइन’ म्हटले. १९३६ च्या फिलाडेल्फियाच्या नाण्यासाठी हा निष्कर्ष बहुधा बरोबर ठरला असता. १९२६ च्या डेन्व्हरच्या नाण्यासाठी तो धोकादायक आहे. या नाण्याचे छापील वर्णन वाचून दर्जा ठरवणारे लोक याच ठिकाणी सतत चुकतात, आणि म्हणूनच मला इथे थोडे थांबायचे आहे.

तांबे-निकेलचा हा मिश्रधातू चांदीच्या नाण्यांच्या धातूपेक्षा कठीण आहे. डायमधील, म्हणजे ठसा उमटवणाऱ्या पोलादी साच्यातील, खोल खाचांत तो पूर्ण शिरावा यासाठी मोठा दाब लागतो, आणि मोठ्या दाबाने डाय लवकर फुटतात. या नाण्यात तर मस्तकाचा मध्यभाग आणि रेड्याच्या अंगाचा उठाव असे दोन उंच भाग एकमेकांच्या पाठीला येतात. त्यामुळे एका बाजूची खाच भरताना दुसऱ्या बाजूला धातू अपुरा पडतो. १९२० च्या दशकात डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को येथील टाकसाळींत डाय वाचवण्यासाठी त्यांच्यातील अंतर थोडे जास्त ठेवले जाई आणि झिजलेले डायही दीर्घकाळ वापरले जात. परिणामी त्या वर्षांतील अनेक नाणी टाकसाळीतून बाहेर पडतानाच शिंगाविना, रेड्याच्या डोक्यावरील केसांविना आणि सपाट वेणी घेऊन बाहेर पडली. १९२६ चे डेन्व्हरचे नाणे या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. पूर्ण ठशाचे उदाहरण हाती आले तर संग्राहक ते जपून ठेवतो.

मग झीज आणि अपुरा ठसा यांत फरक कसा करायचा? एकच दिवा लावा, शक्यतो जुन्या पद्धतीचा पिवळसर प्रकाशाचा, आणि खोलीतील बाकीचे दिवे बंद करा. नाणे दोन बोटांनी कडेला धरून दिव्याखाली हळूहळू फिरवा. आधी भिंग न घेता पाहा. प्रकाशाचे पट्टे मोकळ्या जागेवरून फिरत रेड्याच्या डोक्यावर येतात, तेव्हा ते अखंड पुढे जातात की तिथे अडतात, हे पाहायचे आहे. अपुऱ्या ठशाच्या जागी शिंग नसले तरी पृष्ठभाग मूळचाच असतो, म्हणून झळाळी त्यावरून तुटल्याशिवाय जाते. झिजेच्या जागी पट्टा थांबतो आणि तिथला रंग करडा, मेणचट दिसतो. त्यानंतर पाचपट किंवा सातपट मोठे दाखवणारे भिंग घ्या. ठसा न पोहोचलेल्या भागावर कोऱ्या चकतीवरचे मूळचे बारीक खड्डे आणि ओरखडे तसेच राहिलेले दिसतात, कारण त्यांना दाबून नाहीसे करणारा दाब तिथे पोहोचलाच नाही. झिजलेला भाग याउलट गुळगुळीत असतो. शेवटी दोन्ही बाजू जुळवून पाहा. शिंग पूर्ण गेलेले, पण गालाचे हाड, फीत आणि मागची मांडी यांवर झळाळी शाबूत, असे असेल तर ती झीज असू शकत नाही. माणसांच्या हातांत फिरलेले नाणे एकाच ठिकाणी झिजत नाही.

आपल्या वर्णनावरून ते नाणे ६० च्या वरचे असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तसे असले तरी अपुरा ठसा हा दोष राहतोच. न वापरलेल्या नाण्यांमध्ये ६३ की ६५ हे ठरवताना ठसा, झळाळी, आदळआपटीच्या खुणा आणि एकंदर देखणेपणा हे सारे एकत्र पाहिले जाते. पण ‘फाइन’ आणि ‘न वापरलेले’ यांच्या किमतींतील अंतर एवढे मोठे आहे की तपासणी होईपर्यंत ते नाणे त्या विक्रेत्याला किंवा अन्य कोणाला विकू नका.

दुर्मीळता समजण्यातही असाच घोटाळा होतो. १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केवळ ९,७०,००० बफेलो निकेल पाडले गेले, हा या मालिकेतील नियमित नाण्यांचा नीचांक. १९३१ मध्ये तिथेच १२,००,००० पाडले गेले, म्हणजे आकडे फारसे दूर नाहीत. तरीही १९३१ चे नाणे न वापरलेल्या स्थितीत सहज मिळते आणि १९२६ चे मिळत नाही, कारण १९३१ मध्ये संख्या कमी आहे हे कळताच लोकांनी ती नाणी साठवून ठेवली, तर १९२६ ची नाणी कोणाच्याही लक्षात न येता वापरात झिजून गेली. किती पाडली यापेक्षा कोणत्या स्थितीत किती उरली, हे पाहण्याची सवय लावा. १९१३ च्या दुसऱ्या प्रकारातील सॅन फ्रान्सिस्कोचे तसेच त्याच टाकसाळीचे १९२१ आणि १९२४ चे नाणे आपल्या डब्यात निघाले, तर ते झिजलेले असले तरी वेगळे काढून ठेवा.

याच नाण्यांच्या बाबतीत माझी स्वतःची फसगत झाली आहे. सुरुवातीच्या काळात एका प्रदर्शनात मी १९२४ चे सॅन फ्रान्सिस्कोचे नाणे चांगली किंमत देऊन घेतले. दोन वर्षांनी ते तपासणीला पाठवले, तेव्हा टाकसाळीची खूण नंतर जोडलेली असल्याचा शेरा घेऊन ते परत आले. फिलाडेल्फियाच्या साध्या नाण्यावर कोणीतरी ‘एस’ बसवला होता. पुन्हा भिंगाखाली पाहिले तेव्हा अक्षराच्या पायथ्याशी केसाएवढी काळी रेषा स्पष्ट दिसत होती, आणि विकत घेताना मी तिथे पाहिलेच नव्हते, याची मला आजही खंत वाटते. खऱ्या खुणेचा पायथा मैदानातून, म्हणजे नाण्याच्या मोकळ्या सपाट जागेतून, सलग वर येतो. त्यामुळे खूण महत्त्वाची असलेले प्रत्येक नाणे तिरप्या प्रकाशात, खुणेच्या चारही बाजूंनी पाहावे.

लिबर्टी नाण्यांविषयी थोडक्यात लिहितो. चार्ल्स बार्बर यांचे हे नाणे १८८३ ते १९१२ पर्यंत चालले. १८८३ च्या पहिल्या नाण्यांवर रोमन पाचाचा अंक होता, पण ‘सेंट’ हा शब्द नव्हता. त्यामुळे काहींनी त्यांवर सोन्याचा मुलामा देऊन ती पाच डॉलरची म्हणून खपवली आणि त्याच वर्षी तो शब्द घालावा लागला. दर्जासाठी मस्तकावरील मुकुटात कोरलेली ‘लिबर्टी’ ही सात अक्षरे पाहावीत. निदान तीन वाचता आली तर ‘व्हेरी गुड’, सर्व दिसली तर ‘फाइन’, आणि ती ठसठशीत असून काट्याच्या बाजूच्या माळेत तळाशी मक्याचे दाणे स्वच्छ दिसत असतील तर ‘एक्स्ट्रीमली फाइन’. १८८५, १८८६ आणि सॅन फ्रान्सिस्कोचे १९१२ ही शोधण्याजोगी साले आहेत. १९१३ सालची लिबर्टी नाणी केवळ पाच ज्ञात आहेत आणि त्या पाचांचा ठावठिकाणा माहीत आहे. म्हणून डब्यात तसे काही दिसलेच तर त्यातील अंक बदललेला असणार, असे समजून चालावे.

जेफर्सन नाण्यांत १९४२ ते १९४५ ही साले असलेली नाणी उलटून पाहा. युद्धसामग्रीसाठी निकेल हवे असल्याने ऑक्टोबर १९४२ पासून नाण्यात ५६ टक्के तांबे, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज असे मिश्रण वापरले गेले. त्यामुळे प्रत्येक नाण्यात १.७५ ग्रॅम चांदी आहे. ओळख पटावी म्हणून टाकसाळीची खूण मोठी करून माँटिसेलो या वास्तूच्या घुमटाच्या वर घातली गेली, आणि फिलाडेल्फियाने ‘पी’ हे अक्षर प्रथमच वापरले ते यावेळी. वडिलांच्या संग्रहात सहाव्या जॉर्जचे १९४२ ते १९४५ मधील पिवळसर आणे असतील, तर त्यांच्या शेजारी ही नाणी ठेवण्यास सांगा, कारण हिंदुस्थानातही त्याच युद्धात निकेल वाचवण्यासाठी आण्याचा धातू बदलून निकेल-पितळ केला गेला होता. १९४४ चे एखादे नाणे घुमटावर कोणतीच खूण नसलेले निघाले, तर ते आपल्या न्यू जर्सीतीलच फ्रान्सिस लेरॉय हेनिंग याने १९५० च्या दशकात बनवलेले बनावट नाणे असण्याची दाट शक्यता आहे. तो ‘पी’ घालायला विसरला आणि त्यामुळे बनावट उघडकीस आली.

अलिबागला पाठवायची नाणी पीव्हीसी नसलेल्या, कडक पारदर्शक पाकिटांत घाला. मऊ आणि वास येणारे प्लास्टिक टाळा. किनाऱ्यावरची पावसाळी हवा या धातूला मानवत नाही. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर पावसाळ्यापूर्वी बदलाव्यात, आणि लाकडी कपाट किंवा साध्या पुठ्ठ्याची पेटी वापरू नये.

राहिले ते १९३७ चे तीन पायांचे नाणे. ते खरे असेल तर आपल्या डब्यातील सर्वांत मोलाचे तेच ठरेल, आणि याच कारणाने त्याच्या नकलाही पुष्कळ आहेत. डेन्व्हरमध्ये दोन डाय चकतीविना एकमेकांवर आदळून त्यांवर खुणा उमटल्या होत्या. त्या काढण्यासाठी काट्याचा डाय गरजेपेक्षा जास्त घासला गेला आणि रेड्याचा पुढचा उजवा पाय डायवरून नाहीसा झाला, खूर मात्र राहिला. नकली नाण्यात साध्या नाण्यावरचा पाय हत्याराने खरवडलेला असतो, म्हणून तिथे खोलगट, खरवडलेली जागा दिसते. खऱ्यात ती जागा आजूबाजूच्या मैदानाशी सलग असते. याशिवाय दोन खुणा पाहा. रेड्याच्या पोटाखालून जमिनीकडे जाणारी बारीक उंच ठिपक्यांची ओळ खऱ्या नाण्यावर असते, आणि मागचा पाय किडीने खाल्ल्यासारखा बारीक व खडबडीत दिसतो. छाप्याच्या बाजूला मानेच्या मागे लहान खड्ड्यांसारखा खडबडीतपणाही आढळतो. पाय खरवडणाऱ्याला ठिपक्यांची ती उंच ओळ निर्माण करता येत नाही, कारण खरवडून धातू काढता येतो, वाढवता येत नाही. ओळ दिसली तर नाणे लगेच पाकिटात ठेवा, बोटांनी पुन्हा हाताळू नका आणि पीसीजीएस किंवा एनजीसी यांपैकी एका संस्थेकडे तपासणीसाठी पाठवा. १९२६ चे नाणेही त्याच पार्सलमध्ये पाठवता येईल. बाकीच्या झिजलेल्या नाण्यांसाठी तपासणीचे शुल्क देणे परवडणार नाही, कारण बहुतेकांच्या किमतीपेक्षा ते शुल्कच जास्त असते.